कपड्यातून माणूस काढणारी

आत्या आमच्या दुकानात एकोणीस वर्षं होती. मी दीड वर्ष. साहित्यात एम.ए. झाल्यावर तीन शाळांनी आणि एका प्रकाशकाने 'कळवतो' म्हणून सांगितलं. जुन्या वस्तूंच्या दुकानाने तेवढं लगेच कळवलं. मी पुढे काउंटरवर असायची, आत्या मागच्या खोलीत.

आमच्याकडे लोक नको झालेल्या गोष्टी ठेवून जातात. कपडे, दिवे, ताटांचे संच, एकदाही न वापरलेलं व्यायामाचं यंत्र. विकलं गेलं की निम्मे पैसे त्यांचे, निम्मे दुकानाचे. नव्वद दिवसांत गेलं नाही, तर आपली वस्तू आपण परत न्यायची. ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर असतो. वस्तूवर तो नंबर लागतो, नाव कधीच नाही.

कपडा विकायला टांगण्याआधी आत्याच्या टेबलावरून जायचा. या कामाला दुकानात 'माणूस काढणं' म्हणत.

"त्या कोटातला माणूस निघाला का?" मालकीणबाई पडद्याआडून विचारायच्या.

"निघतोय. जाडजूड आहे, वेळ लागणार."

आधी खिसे. मग चिकटपट्टीने केस. कॉलरवरची पावडर, काखेतले डाग. व्हिनेगरचं पाणी, साबणाचं पाणी, मग यंत्रात पिळून वाळवणं. लोकरीवरचे गोळे ब्लेडने. कुठे नाव किंवा आद्याक्षरं शिवलेली असली, तर ती बारीक कात्रीने उसवायची. शेवटी वाफेची इस्त्री. गुडघे, कोपरं, जिथे जिथे अंगाने कपडा ताणलेला असतो, ते सगळं पुन्हा सपाट. आत्या हे करताना कपड्याकडे बघतसुद्धा नसे. बोलत असे.

आत्या हे तिचं दुकानातलं नाव तिच्या भाचीमुळे पडलं. भाची शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसायची. सतत गुणगुणायची म्हणून तिला भुंगा म्हणत. तिचं ऐकून आम्ही सगळेच आत्या म्हणू लागलो, आत्याहून सात वर्षांनी मोठ्या असलेल्या मालकीणबाईसुद्धा.

आत्याची आई गेली तेव्हा ती सोळाची होती, भाऊ सातचा. तिने शाळा सोडली आणि एका लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली. भावाचे बूट, भावाची फी, भावाचं लग्न, सगळं त्या इस्त्रीतून निघालं. तिचं स्वतःचंही लग्न झालं होतं. दोन वर्षं टिकलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एक माणूस होता. काढला." आणि स्वतःच इतकी हसली की इस्त्री बाजूला ठेवावी लागली.

भावजयीशी तिचं मेतकूट जमलं होतं. भावजय नर्स होती. आजारी पडली आणि अकरा दिवसांत गेली, जिथे पंधरा वर्षं नोकरी केली त्याच इस्पितळात.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, भाऊ दोन पिशव्या घेऊन दुकानात आला. बरोबर भुंगा.

"ताई, मोठीतलं सगळं विकून टाक," तो म्हणाला. "कपाट उघडलं की मला तिथेच बसून राहावं लागतं."

"आणि ही?"

छोटी पिशवी भुंगाने पोटाशी धरली होती.

"ही माझी. यात आईचा स्वेटर आहे. घरी ठेवला तर मी रोज वास घेणार आणि वास संपून जाणार. म्हणून तू ठेव. माझ्या वाढदिवसाला दे." मग बजावलं, "आणि धुवायचा नाही हं, आत्या."

"नाही गं राणी. वेडी आहे का मी?"

आत्याने पिशवी टेबलाखाली ठेवली. संध्याकाळी घरी नेणार होती. मोठी पिशवी तिने त्याच दुपारी उघडली. मालकीणबाई म्हणाल्या, "आजच कशाला? चार दिवस जाऊ देत." आत्या म्हणाली, "आज नाही केलं तर माझ्याने कधीच होणार नाही."

मी नंबराच्या चिठ्ठ्या लिहायला जवळ बसले. आत्या भावजयीबद्दल बोलत होती.

"एकदा हिने आपल्याकडे एक पॅन्ट ठेवली. घट्ट होते म्हणून. मी माणूस काढला, टांगली. दोन महिन्यांनी ही बारीक होऊन आली आणि तीच पॅन्ट घेतली! वर मला म्हणते कशी, 'वन्सं, बघा ना, जशी माझ्याच मापाची शिवली आहे.' मी म्हटलं, भवाने, तुझीच आहे ती. तर म्हणते, 'मग माझी निवड चांगली होती म्हणायची.'"

आम्ही हसलो. ती आणखी सांगत गेली. एक एक कपडा पालथा होत होता, उलटत होता, धुवायच्या यंत्रात जात होता, बाहेर येऊन वाफ खात होता. हँगर भरत होते. मी चिठ्ठ्या लावत होते. खूप दिवसांनी आत्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"एकोणीस," शेवटची चिठ्ठी लावत मी म्हणाले.

आत्या थांबली. "मोठ्या पिशवीत अठरा होते. मी मोजून घेतले होते."

शेवटच्या हँगरवर एक हळदी रंगाचा स्वेटर होता. गोळे काढलेला, कोपरं सपाट, स्वच्छ. छोटी पिशवी तिच्या पायाशी रिकामी पडली होती. पिशवी तिने कधी उचलली ते मला दिसलं नाही. मी समोरच बसले होते.

आत्याने स्वेटर नाकाला लावला. मग कॉलरच्या आत बघितलं. इस्पितळात सगळ्या नर्सचे स्वेटर एकाच खुंटाळ्यावर असतात, म्हणून भावजयीने आत लाल दोऱ्याने दोन अक्षरं शिवली होती. ती फरशीवर पडली होती. तुकडे तुकडे. आत्या खाली बसली आणि बोटाच्या पेराने ते टिपू लागली.

"आत्या, आपण भुंगाला सांगू."

"काय सांगू? तुझी आई माझ्या हातून धुतली गेली, असं?"

तिने नवा लाल दोरा आणला आणि तीच दोन अक्षरं त्याच जागी शिवली. हुबेहूब. इतकी वर्षं उसवणाऱ्या हाताला जुना टाका कसा घातला होता ते बरोबर ठाऊक असतं. वासाचं तिला काही करता येत नव्हतं.

दहा दिवसांनी वाढदिवस होता. आत्याने मला बरोबर नेलं. म्हणाली, तू असलीस तर माझी जीभ जागेवर राहील.

भुंगाने पिशवी उघडली आणि तोंड आत घातलं. बराच वेळ तशीच राहिली. मग स्वेटर बाहेर काढून तिने बाहीत हात घातला आणि कोपरापाशी मूठ नेली.

"फुगा कुठंय?" तिने विचारलं.

"कसला गं फुगा?"

"आईच्या कोपराचा फुगा. माझी मूठ मावायची त्यात." तिने स्वेटर खाली ठेवला. "हा आईचा नाही."

"तिचाच आहे," आत्या म्हणाली. "माझ्याकडून चुकून धुतला गेला. सवयीने झालं. माझं चुकलं, भुंगा."

भाऊ पुढे आला. स्वेटर उचलून त्याने कॉलर उलटी केली. अंगठा अक्षरांवरून फिरवला.

"दोरा नवा आहे."

"उसवला गेला होता, रे. मी परत शिवला."

"सवयीने धुतलास. सवयीने नाव उसवलंस. मग परत शिवलंस." तो प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता. "ताई, हा दुकानातला माल आहे. तिचा तू विकलास. हा असाच दुसरा उचलून आणलास आणि वर नाव टाचलंस."

"मी कशाला विकेन तिचा?"

"मग आत तिचं काहीच कसं नाही? पंधरा वर्षं घातला होता तिने!"

मी बोलायचा प्रयत्न केला. मी तिथेच होते, मी पाहिलं, असं म्हणाले. तो म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच दुकानातल्या." खरं तर मीही काही पाहिलं नव्हतं. आणि चोरी माणसाला समजते. हे समजण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो दुकानात आला. मुलीला हाताला धरून. काखेत तो स्वेटर. काही न बोलता कपड्यांच्या रांगांमध्ये शिरला आणि पिवळं काही दिसलं की ओढून बाहेर काढू लागला. आत्या पडद्यातून बाहेर आली आणि उभी राहिली. मालकीणबाई तिच्यामागे.

रांगांमध्ये काही मिळालं नाही. मग त्याची नजर काउंटरच्या टोकाला गेली. आदल्या संध्याकाळी आलेला ढीग तिथे होता, अजून आत्याच्या टेबलावर न गेलेला. त्यात हळदी रंगाचा एक स्वेटर होता. तसाच. कुठल्याशा मोठ्या कंपनीचा, हजारोंनी खपलेला. दंतवैद्याकडे काम करणाऱ्या एका बाईने तो ठेवला होता. मीच घेतला होता, मीच पावती दिली होती.

भावाने तो झटकला. कोपरं फुगलेली होती.

भुंगाने तो त्याच्या हातातून घेतला आणि नाक खुपसलं. दवाखान्याच्या साबणाचा वास असणार. सगळ्या दवाखान्यांत एकच साबण असतो. मग तिने बाहीत मूठ घातली.

"आई," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. नुसतंच.

भावाने कॉलर पाहिली. "अक्षरं नाहीत. इथलं काढलंस आणि तिकडे शिवलंस. होय ना?"

मी पावत्यांच्या वहीकडे हात नेला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत. नुसतं पाहिलं. माझा हात वहीवर तसाच राहिला.

"हो," आत्या म्हणाली. "विकायला ठेवला होता. मोह झाला."

"केवढ्याचा मोह?"

त्याने ओढून टाकलेला एक पिवळा कुर्ता आत्या परत हँगरवर चढवू लागली.

"तू मला वाढवलंस म्हणून हात उगारत नाही," भाऊ म्हणाला. "पण आमच्या दारात पाऊल टाकायचं नाही. हिला भेटायचं नाही. तुझा हा माल तुला लखलाभ." काखेतला स्वेटर त्याने काउंटरवर टाकला.

भुंगा आत्याच्या शेजारून गेली. स्वेटर तिने डोक्यातून घातला होता, बाह्या लोंबत होत्या. आत्याने तिच्या केसांपाशी हात नेला. मुलीने डोकं बाजूला घेतलं.

ते गेल्यावर मी म्हणाले, "खरं सांग त्यांना. आता जा. मी येते."

"सांगून? पोरीच्या अंगावरून तो उतरवू?"

"आणि तू?"

"मी काय. मी आहेच."

मालकीणबाईंनी दुपारी तिला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या की लोक आपल्यावर विश्वासाने खिशांसकट कपडे टाकतात, आणि त्यांनी आज जे कानांनी ऐकलं ते ऐकलं. सोमवारपासून खिसे तपासायचं काम दुसरं कुणी करेल. आत्याने फक्त इस्त्री करायची. मी त्यांना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "तुझा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे." आत्या बाजूला उभी राहून हँगर सरळ करत होती.

राहिला प्रश्न दंतवैद्याकडच्या बाईचा. तिच्या नंबरावर एक हळदी स्वेटर होता आणि तो गेला होता. आत्याने काउंटरवरचा उचलला. कॉलरमधली लाल अक्षरं उसवली. मला म्हणाली, "नंबर लिही."

"आत्या, हा तिचा आहे. खरा. तू ठेव."

"यात ती कुठंय? दाखव मला."

मी नंबर लिहिला.

शनिवारी कॉलेजातली एक मुलगी आली. दोन-चार स्वेटर पाहिले, मग तो घेऊन आरशासमोर गेली. कॉलर उलटून पाहिली, बाह्या पाहिल्या, हुंगला. आत्या इस्त्री केलेले शर्ट घेऊन बाहेर आली होती.

"हा कुणी घातलेला आहे?" मुलीने तिला विचारलं.

"काय वाटतं?"

"नाही वाटत. नवाच दिसतो."

आत्याने तो तिच्या हातातून घेतला, छातीशी धरून बाह्या मागे दुमडल्या, घडी केली आणि पिशवीत घातला.

"गरम पाण्यात घालू नकोस," ती म्हणाली. "आटेल."