मोठ्याने वाचा, मग सही

बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझरने कागद पुढे केला की सगळे मान खाली घालून सही करायचे. पुढारी तेवढा उभा राहायचा आणि म्हणायचा, "आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा." मी स्टोअरकीपर, इंग्रजी येणारा, म्हणून वाचायची पाळी माझ्यावर.

पुढारी हे नाव आम्ही चेष्टेने ठेवलेलं, पण माणूस खराच पुढारी. डहाणूकडच्या डोंगरातला वारली, इथे वेल्डर. गाव धरणात घालायला निघालेल्यांशी भांडून दोनदा तुरुंगात गेलेला, निर्दोष सुटलेला. त्याच्या बापाने न वाचता कागदावर अंगठा दिला आणि शेत गेलं. तेव्हापासून पाड्यावर रीतच पडली: कागद कुणाचाही असो, सगळ्यांत बसून मोठ्याने वाचायचा. ती रीत त्याने बहारीनला आणली.

"इथे पुढारीपणा केलास तर परवा विमानात असशील," मी बजावायचो. तो हसायचा. "भाऊ, वाचायला कुठं बंदी आहे?" शुक्रवारची सुट्टी कापणारी ओळ त्याने अशीच पकडली आणि काढायला लावली. मी मेला भित्रा, आठवडाभर मला घास गोड लागला नाही. शुक्रवारी मात्र आरामात झोपलो.

मग पाड्यावरून निरोप आला. धरणाला होकार घ्यायला ग्रामसभा बोलावली होती आणि फोनवरचा नकार तिथे धरत नव्हते. गेलास तर पोलीस उचलतील, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, "मी नाही गेलो तर पहिला हात कोण वर करील?"

विमान दुपारचं. ऑफिसने ऐन वेळी फॉर्म धाडला. गेटवर गाडी उभी, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करतोय. "वाचा ना, भाऊ," तो म्हणाला. मी घड्याळ बघितलं. "अरे, लीव्हचाच फॉर्म आहे, कर सही." त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि केली.

तो व्हिसा कॅन्सलचा कागद होता, म्हणजे परतीची वाट बंद. दहा दिवसांनी मला ते ऑफिसात कळलं. त्याच संध्याकाळी त्याचा फोन. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवून सोडलं होतं, ग्रामसभेत अख्खा पाडा नाही म्हणाला होता, आणि आता तो विचारत होता, कामावर कधी येऊ. मी खरं ते सांगितलं, चूक माझी म्हणालो.

"तुमच्यावर सोडलं, भाऊ," तो म्हणाला. "कागद एकट्यावर सोडायचा नसतो." रागावलासुद्धा नाही. तेच मला अजून खातं.

काल सुपरवायझर नवा कागद घेऊन आला. सगळे सहीला वाकले. मी कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागलो.