दोरीपाशी बसणारी

बारामती-इंदापूर एसटीत ती रोज दाराजवळ बसायची. कंडक्टरच्या भरतीत अर्ज करून तिला दोन वर्षं झाली होती. गाव जवळ आलं की कंडक्टरच्या आधी तीच नाव पुटपुटायची आणि तिचं बोट हवेतल्या हवेत घंटीची दोरी ओढायचं. मागच्या सीटवर मी लासुर्ण्यापर्यंत निवांत डुलक्या काढायचो.

परवा चढतानाच म्हणाली, "यादी लागली. माझं नाव न्हाय."

त्या दिवशी ती गप्प बसली आणि मी झोपेतच लासुर्ण्याच्या पुढं गेलो.

"आज लासुर्णं का नाही म्हणालात?" मी उगाचच चिडलो.

तिनं वळून पाहिलं. "म्हंजी तुमी माझ्या भरवशावर झोपत होता व्हय?"

मी मान डोलावली. ती उठली आणि पहिल्यांदाच खरी दोरी ओढली. एसटी थांबली.