मामीच्या हातचे खून

आमचा मामा रहस्यपटांची टायटल्स बनवतो. म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला नावं येत असताना मागे जे दिसून आपल्या पोटात गोळा येतो, ते मामाचं काम. चेहरा कुणाचाच नाही; नुसते हात आणि वस्तू, अगदी जवळून. पेल्यात पडणारी गोळी, कुलपात फिरणारी किल्ली. हे सगळं त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, काळी चादर अंथरून घडतं. मामा स्वतः असा शूर, की पाल दिसली तरी खुर्चीवर चढतो. पाल मामी हाकलते.

हातही घरचेच. मरणाऱ्याचा माझा, पोलिसाचा शेजारच्या शिंप्याचा. खुन्याचा मात्र कायम मामीचा, कारण इतका न थरथरणारा हात दुसऱ्या कुणाकडे नाही. खुनी पुरुष असला की ती मामाचा कोट चढवायची.

मामीच्या अंगठ्यापाशी इस्त्रीचा चट्टा आहे. शेजारणींना घेऊन ती सिनेमाला जायची आणि तो चट्टा पडद्यावर आला की रांगभर ऐकू जाईल असं सांगायची, हा हात माझा. दोन-तीन सिनेमांत शेजारणींच्या ध्यानात आलं, की चट्टेवाल्या हातात जी वस्तू, तिचा मालक खुनी. मग काय, नावं संपायच्या आत अख्ख्या रांगेला खुनी पाठ. एकदा दिग्दर्शकच नेमका मागच्या रांगेत निघाला. त्याने मामाला थंडपणे सांगितलं, की पुन्हा असं झालं तर टायटल्स दुसऱ्याकडे जातील.

मामाने चाचरत मामीला सांगितलं, या खेपेला तुझा हात नको. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसती चहाचे कप आपटू लागली. इकडे मामाने खुनी म्हणून माझा हात लावून पाहिला, शिंप्याचा पाहिला, शेवटी स्वतःचा. विषाची बाटली त्याच्या हातात अशी लटपटली, की हा खुनी आधी स्वतःच मरणार असं वाटलं. मला हसू आवरेना, आणि त्याची कीवही आली. शेवटी तो मुकाट्याने मामीपुढे जाऊन उभा राहिला.

"सगळेच हात तू कर," तो म्हणाला. "खुन्याचा, पोलिसाचा, मेलेल्या बाईचा. सगळे."

मामीने कप अलगद खाली ठेवला. "कोट काढून ठेवा," ती म्हणाली.

सिनेमा लागला त्या दिवशी शेजारणी सावरून बसल्या. दिग्दर्शक मुद्दाम मागच्या रांगेत आलेला. मामा नखं खात होता, कारण मामीला कथा ठाऊक होती आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पडद्यावर किल्ली आली, तिच्यावर चट्टेवाला हात. पोलिसाच्या शिट्टीवर तोच. बाईच्या पेल्यावरही तोच. रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"अहो वहिनी, सांगा की, खुनी कोण?" शिंप्याच्या बायकोला राहवेना.

मामीने एकदा मामाकडे पाहिलं. मग ती शिंप्याच्या बायकोकडे वळली.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "आज तर मेलेलीसुद्धा मीच आहे."

त्यापुढे ती चकार शब्द बोलली नाही. मामाने अंधारात तिचा चट्ट्याचा हात धरला, आणि खुनी सापडेपर्यंत सोडला नाही.