गालावर हात ठेवणारा सुतार

“अहो, धरा, धरा! आलं माझ्या अंगावर!” बायको ओरडत होती. आवाज धारवाडच्या आमच्या अख्ख्या मळमड्डीभर गेला असणार. खोक्यातून सुटं आलेलं पुस्तकांचं कपाट मी स्वतः जोडलं होतं, आणि ते असं डुलत होतं, की फणा काढायचाच काय तो बाकी! नशीब, तेवढ्यात बोलावलेला सुतार दारात उभा राहिला. “या अण्णा, आधी हे धरा!” म्हणत मी त्याला आत ओढलंच.

त्यानं एका हातानं कपाट पेललं. दुसरा हात गालावर. केवढं ते चिंतन! मी जाडजूड ग्रंथ वरून खालच्या फळीवर आणले, पायाखाली पुठ्ठा सारला, भिंतीला पट्टी ठोकली. हातोडीच्या प्रत्येक घावाला तो डोळे मिटून नुसतं “हूं” म्हणायचा. बायकोनं चहा विचारला, तर मानेनंच नको म्हणाला. चहाला नको म्हणणारा सुतार उभ्या धारवाडात जन्मला नसेल. मी तर मनातल्या मनात त्याला गुरू केलं.

कपाट खांबासारखं उभं राहिलं. मी हात जोडून विचारलं, “अण्णा, सुतारकामात एवढं मौन कुठं शिकलात?”

गालावरचा हात न काढता तो म्हणाला, “मी कुठला सुतार? दात ठणकतोय. दाताचे डॉक्टर कुठं बसतात, ते विचारायला आलो होतो.”