मावशींचा कॉम्प्युटर बोलत नव्हता

परवा रविवारी दुपारी कामठीला सुमेधच्या घरी गेलो होतो. सुमेध माझा मित्र... पावसाळ्यात डेंग्यूनं गेला. त्याच्या आईचा, म्हणजे मावशींचा फोन आला होता, "बाबू, कॉम्प्युटर बोलूनच नाही राहिला."

सुमेध इतवारीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. मी बारावी अर्धवट सोडून तिथे लागलो, तेव्हा लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टिम, त्यानंच शिकवलं.

त्याच्या घराला लागूनच पॉवरलूम चालतात. त्या खडखडाटात स्वयंपाकघरापर्यंत हाक पोचत नाही, म्हणून त्यानं गमतीनं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. संध्याकाळी येऊन कॉम्प्युटर सुरू केला की आधी स्पीकरमधून हाक यायची, "आई, चहा मांड वं." मावशी आतून म्हणायच्या, "काहून, तोंड नाही काय तुले?"

आता मशीन सुरू होत होती, पण गप्प. मावशींना वाटत होतं, आवाज पुसला गेला... त्याचा दुसरा कुठलाच आवाज घरात नव्हता.

फाइल सापडली. ती वाजवणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे दोन-चार कमांडची यादी, तीही जागेवर होती, पण ती चालवायला मशीनला कुठेच सांगितलेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी मावशींना विचारलं, सुमेध हा कॉम्प्युटर चालू कसा करायचा?

"बटन दाबे अन् उभ्यानंच टकटक करे. खांद्यावरची बॅग बी नाही काढे. मंग थो बोले."

तेव्हा कळलं. मशीन सुरू होताना एक मेनू येतो. तिथे कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमचा गाभा सुरू करणाऱ्या ओळीच्या शेवटी एखादी कमांड लिहिली, की ती आपोआप चालते... पण त्या एकाच वेळेपुरती. म्हणजे सुमेध रोज हातानं लिहायचा. घरच्यांना वाटायचं, कॉम्प्युटर बोलतो.

मूळ ओळीचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मग एकेक अक्षर तपासत लिहिलं. हाक आली... आणि मशीन बंद झाली.

मावशी काळ्या स्क्रीनकडे बघत होत्या. "गेला?" एवढंच म्हणाल्या.

कमांड संपल्यावर पुढे काय करायचं, हेही त्याच ओळीत सांगावं लागतं. नाहीतर काम झालं की मशीन स्वतःच बंद होते. ते मी लिहिलंच नव्हतं. परत लिहिलं. हाक आली, मशीन चालू राहिली. मावशी तोंडाला पदर लावून बसल्या.

मी म्हटलं, कायमचं लिहून देतो. बटन दाबलं की आपोआप बोलेल.

"थो तर रोज लिहे ना?" त्या उठून उभ्या राहिल्या. "मले दाखव."

मावशींना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मी मोठ्या अक्षरांत ओळ काढून दिली, आणि त्या एकेक अक्षर की-बोर्डवर शोधत राहिल्या. बराच वेळ गेला, चुकलंही... पण चुकलं तर काही बिघडत नाही. बंद करून पुन्हा चालू केलं, की मशीन ते विसरते.

मग एकदाचा स्पीकर बोलला. "आई, चहा मांड वं."

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. "थांब गा, मांडते," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. मला जे काही येतं ते सुमेधनं दिलेलं आहे... ही ओळ मात्र त्यानं मला कधी दाखवली नव्हती.