किल्लेदारांनी पुसलेला आरसा

आमचे भावोजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या दुर्बिणीचे अधीक्षक होते. म्हणजे त्यांच्याकडे घुमटाची किल्ली होती. तेवढीच त्यांची विद्या. मी त्याच विभागाच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो, त्यामुळे हे काही ऐकीव सांगत नाही. अख्खा विभाग त्यांना किल्लेदार म्हणे आणि त्यांना तो चक्क मान वाटे.

कुणा विद्यार्थ्यानं दुर्बीण मागितली की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "धूळ बसेल." आकाश बघायचं यंत्र ह्या गृहस्थांनी आकाशापासूनच जपलं. पाहुणे आले की मात्र घुमट गरागरा फिरवून दाखवायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार!

त्यांच्याच मुलीनं, माझ्या भाचीनं, संशोधनासाठी एक जोडतारा निवडला. त्याचा उजेड महिनाभर मोजायचा होता. दुर्बीण मिळाली नाही तर प्रबंध बुडाला. ताईनं अबोला धरला तेव्हा कुठे किल्लेदार नमले.

आणि नमले ते असे, की तिचं मोजमाप सुरू व्हायच्या आदल्या दुपारी त्यांनी लेकीसाठी स्वतः आरसा पुसला. दुर्बिणीच्या तळाचा तो मोठा आरसा. त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ, की जाणती माणसं त्याला बोट लावत नाहीत. ह्यांनी पितळ उजळायची पावडर लावून घासला! घरी जेवताना फुशारकीनं सांगितलंही. भाचीचा घास हातातच राहिला. प्रेमानं केलं, हे मी नाकारत नाही. पण इतकी वर्षं त्या आरशाशेजारी बसून पगार घेतला, एकदा कुणाला विचारायचं तरी!

सकाळी विभागप्रमुखांसमोर मी झाकणाचे स्क्रू काढले. आरशावर गोल गोल ओरखडे, मधोमध नुसती काच.

"कोणी पुसला हा?" प्रमुख ओरडले.

भावोजींची निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भाचीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"मी पुसला, सर. मला माहीत नव्हतं."

प्रमुखांनी तिथल्या तिथे तिला विभागातल्या सगळ्या यंत्रांवर बंदी घातली. मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. उघडलं.

"बरोबर केलंत, सर," भावोजी म्हणाले. "हल्लीच्या पोरांना कितीही सांगा, हात लावल्याशिवाय राहवत नाही."

हे वाक्य मी ताईला अजून सांगितलेलं नाही. तिला रोज त्या माणसाला जेवायला वाढायचं असतं.