बजाजनगरातली डोलकाठी

नवऱ्याने पोर्चमध्ये होडी बांधायला घेतली तेव्हा मी गप्प बसले होते, असं तो लोकांना सांगतो. मी गप्प नव्हते. चांगली बोलले होते, त्याने कानाआड केलं. हृदयात दोन स्टेंट बसवून घरी आलेला माणूस महिनाभर छताकडे बघत पडून राहतो आणि एक दिवस उठून टेम्पोत प्लायवूड घालून आणतो, तर यात काहीतरी काळंबेरं आहे असं कोणत्याही बायकोला वाटेल. मला तरी वाटलं.

तो वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला होता. हाताला काम नसलं की त्याला चैन पडत नाही, हे मला माहीत होतं. पण मग स्टूल करावं, पाटाला पाय लावावेत. होडीच का? त्याचं गाव जायकवाडीच्या पाण्याच्या काठावर. लहानपणी तो त्या पाण्यात तासन्‌तास पडून असायचा. आता मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघून त्याने ठरवलं होतं, की शिडाची होडी करायची आणि धरणात सोडायची. डॉक्टरांनी जिना सावकाश चढायला सांगितला होता. धरणाबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

होडी तयार होत गेली तशी मी रोज चहा द्यायच्या निमित्ताने तिच्यात डोकावत होते. आत बसायला एकच फळी होती, तीही पार खाली, तळाला टेकलेली. माझ्या गुडघ्यांची सगळ्या नातेवाइकांना माहिती आहे. मला जमिनीवर बसता येत नाही, वाकून उठता येत नाही. हॉलमध्येसुद्धा मी खुर्चीवर जाड उशी टाकून बसते. त्या फळीवर माझ्यासारखीने बसायचं तर क्रेनच लागली असती.

"यात दोघं बसतात का?" मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'बघू'चा अर्थ मला कोणी शिकवायला नको. त्याला एकट्याने जायचं होतं. एकट्याने, त्या एवढ्या पाण्यात, छातीत दोन स्प्रिंगा घेऊन. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. दवाखान्यात त्याच्या उशाशी कोण बसलं होतं?

त्यातच एका दुपारी त्याला आमच्या पुण्यातल्या मुलीशी फोनवर बोलताना ऐकलं. मी आत आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणत होता, "तुझं बरोबर आहे. लांबच काठी घ्यावी लागेल. आईला मात्र इतक्यात सांगू नको." मी मुलीला लगेच फोन लावला. तिने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. बाप आणि लेक दोघंही सामील होते तर.

काठी म्हणजे डोलकाठी. शीड मीच शिवलं होतं, माझ्या मशीनवर, निळ्या ताडपत्रीचं, दोन सुया मोडून. त्यामुळे त्याची उंची मला पाठ होती. आठ फुटी शिडाला दहा फुटी काठी पुरते, एवढं मलाही कळत होतं. मग लांब काठी कशाला? दुसरं मोठं शीड कुठे शिवायला टाकलंय की काय? मोठं शीड म्हणजे जास्त वारा, जास्त वारा म्हणजे जास्त लांब. काठी बघायला मीही येणार, असं मी जाहीर केलं. तो नको म्हणाला. म्हणून तर मी गेलेच.

पहिल्यांदा मोंढ्याकडच्या बांबूवाल्याकडे गेलो. नवऱ्याने सांगितलं, सरळ बांबू हवा, जाड बुंध्याचा. दुकानदार म्हातारे होते, त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकच होना? जोडी नक्को?"

"एकच," नवरा म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. आमच्याकडे माणूस गेलं की बांबूची जोडी घेतात, तिरडीच्या दोन्ही बाजूंना. एक बांबू म्हणजे घरात सगळं ठीक आहे. त्यांनी चौकशी आपल्या मनाने मिटवली, पण मी त्या क्षणी घाबरून नवऱ्याचा दंड धरला होता तो गाडीवर बसेपर्यंत सोडला नाही. बांबू त्याने घेतला नाहीच. "आखूड पडेल," म्हणाला. तो चांगला दहा फुटांच्या वर होता.

मग भंगारवाल्याकडे अॅल्युमिनियमचा पाइप मिळाला. हलका, सरळ. मी म्हटलं, हाच घ्या. त्याने टेप लावला, मान हलवली. आखूड. एक सागाची काठी सुतार द्यायला तयार होता, तीही आखूड. सुताराने विचारलं, "झेंड्याला पाहिजे का?" सगळे हेच विचारत होते. होडीला, असं सांगितलं की ते हसायचे आणि आपण थट्टा करतोय असं समजून पुन्हा झेंड्याचंच विचारायचे. या शहरापासून समुद्र कुठल्या दिशेला आहे हेही पटकन कोणाला सांगता येणार नाही, त्यांचं काय चुकलं?

शेवटी हर्सूलच्या रस्त्याला, स्लॅबच्या सेंट्रिंगसाठी बल्ल्या विकणाऱ्याकडे, निलगिरीची एक बल्ली सापडली. बारा फुटांची, वाळलेली, जवळजवळ सरळ. नवऱ्याने तिच्यावरून असा हात फिरवला की मला तिचा हेवा वाटला. टेम्पोतून ती मागे हातभर बाहेर काढून, टोकाला लाल फडकं बांधून आम्ही बजाजनगरात शिरलो, आणि आमच्या गल्लीतले पडदे हलले.

इथे आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटचं सांगायला हवं. तो प्लॉट कोणाचा, हे कोणालाच नक्की माहीत नाही. काहींना तिथे मंदिर हवंय, काहींना व्यायामशाळा, आम्हा काही घरांना वाचनालय. अशा जागेत कोणी एक काठी रोवली, तिच्यावर एक कापड चढवलं, की दुसऱ्या दिवसापासून ती जागा त्या कापडाच्या रंगाची होते. मग काठी काढायची हिंमत कोणाच्या बापात नसते. हे लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्या हॉलमध्ये कोणाचा फोटो लावलेला आहे हेही गल्लीला ठाऊक आहे. जयंती तोंडावर आलेली, आमच्या पोर्चमध्ये बारा फुटी बल्ली, आणि मला मशीनवर निळं कापड शिवताना सगळ्यांनी पाहिलेलं.

दुसऱ्याच दिवशी समोरचे भाऊ आले. ते नवऱ्याबरोबर त्याच कंपनीत होते, पैठण रोडला त्यांची शेती आहे, माणूस वाईट नाही. आमच्या दवाखान्याच्या दिवसांत त्यांच्या घरून डबा यायचा. पण त्या दिवशी ते पोर्चच्या बाहेरच उभे राहिले.

"काठी लई लांब हाय की, वहिनी."

"होडीची आहे," मी म्हटलं.

"व्हय, होडी दिसतीय की. पण एवढ्याशा होडीला एवढी काठी?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माझा तोच प्रश्न होता. मी म्हटलं, "तुमच्या मित्रालाच विचारा." ते मान हलवत गेले. संध्याकाळी गल्लीतली चार माणसं प्लॉटच्या कडेला उभी राहून जमिनीकडे बघत होती, खड्डा खणलाय का ते.

नवरा रोज गच्चीवर, दोन पोरांकडून वर चढवून घेतलेल्या बल्लीला रंधा मारत होता. मी हॉलमध्ये माझ्या खुर्चीवर बसून वरचा आवाज ऐकत होते, मध्ये थांबला की काहीतरी निमित्त काढून हाक मारायचे. त्याच दिवसांत मला खुर्चीच्या मागच्या भिंतीवर पेन्सिलची एक आडवी रेघ दिसली, माझ्या डोक्याच्या जरा वर. नुकताच रंग दिलेली भिंत. मी ती पुसली. दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा तिथेच होती. मी विचारलं तर म्हणाला, "असेल काहीतरी." टीव्ही बघताना एकदा तो माझ्या मागे टेप घेऊन उभा असलेलाही मला दिसला. काय मोजताय म्हटलं, तर टेप सर्रकन आत गेला. भिंतीत काय ठोकायचा बेत आहे ते मला कळेना, आणि विचारून खरं उत्तर मिळेल असा विश्वास उरला नव्हता.

पोर्चला छप्पर आहे, तिथे काठी उभी राहणार नव्हती. म्हणून रविवारी सकाळी त्याने होडी ओढत प्लॉटमध्येच नेली आणि जुन्या टायरांवर बसवली. मी म्हटलं, "अहो, इथे नको. लोक काय समजतील?" तो म्हणाला, "तासाभराचं काम आहे."

तासाभराचं काम बघायला गल्ली जमा झाली. भाऊ सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून. नवऱ्याने बल्लीचा बुंधा होडीतल्या खाचेत घातला आणि ती उभी करायला लागला. मी जमेल तशी पुढे झाले, कारण डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं. माझ्या आधी भाऊ पोचले. शंका बाजूला ठेवून नाही, शंकेसकट. एका हाताने काठी धरून ते विचारत होते, "आज संध्याकाळी काढणार ना पण?"

काठी उभी राहिली. दोऱ्या ताणल्या गेल्या. मग निळी ताडपत्री वर चढली आणि मागे कोणीतरी मोबाइल काढला. शीड भरलं, त्याच्या खालच्या कडेला बांधलेली आडवी काठी एका बाजूला झुकली. ती किती वर होती ते मी पाहिलं. शीड तेवढंच, माझंच, आठ फुटी, फक्त ते काठीवर पार वर बांधलं होतं. खाली चांगली चार फूट मोकळी काठी उगाच उघडी पडली होती. एवढ्यासाठी बारा फुटी बल्ली?

मग मी होडीच्या आत पाहिलं. खालची फळी होती तिथेच होती. पण तिच्या पुढे, चांगल्या उंचीवर, दुसरी एक रुंद फळी बसवलेली होती. आदल्या दिवसापर्यंत नव्हती. तिच्यावर माझ्या खुर्चीतली उशी होती. सकाळपासून मी ती घरभर शोधत होते.

"बस," नवरा म्हणाला.

त्याने स्टूल ठेवलं, हात दिला. सगळी गल्ली बघत असताना मी साडी सावरत त्या होडीत चढले आणि बसले, पाय सोडून, गुडघे न दुमडता. त्याने आडवी काठी या बाजूची त्या बाजूला ढकलली. ती माझ्या अंबाड्याच्या चार बोटं वरून सरकत गेली. नवरा शिडाकडे बघत नव्हता, काठीकडेही नाही. तो माझ्या अंबाड्याकडे बघत होता, आणि मला भिंतीवरची रेघ आठवली.

"तुला वाकता येत नाही," तो म्हणाला. "पोरीच्याच लक्षात आलं. उभी काठी आखूड असती तर ही आडवी दर वळणाला तुझ्या डोक्यात बसली असती."

मी अंबाडा चाचपून पाहिला.

"मग सांगायचं नाही का?"

"आधी सांगितलं असतं तर तू काठी घरात येऊ दिली असतीस?"

नसती दिली. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, आणि नवऱ्यावर तर माझा तेव्हा काडीचा विश्वास नव्हता. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

भाऊ होडीभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी फळी पाहिली, उशी पाहिली, मी पाहिलं की त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, "पण संध्याकाळी काढणार ना?"

"काढू," नवरा म्हणाला. मी मात्र उतरले नाही. त्याला म्हटलं, जरा बसू दे, आणि तुम्हीही या. तो मागच्या खालच्या फळीवर येऊन बसला. त्याचा श्वास लागलेला मला पाठीमागून ऐकू येत होता, आणि तो पुरता संथ होईपर्यंत मी तो मोजत बसले.